हे पुस्तक तुझ्यासाठी

हल्ली आपल्याला काय हवंय ते आपल्याआधी फोनला कळतं, असं आपण गमतीनं म्हणतो. घरात भारतवारीचा विषय निघायचा अवकाश, विमानाच्या तिकिटांच्या जाहिराती हजर. कुकरची रिंग एकदा शोधली की पुढचे पंधरा दिवस कुकर पिच्छा सोडत नाही. पुस्तकांचंही तेच. वाचनाचं ॲप उघडलं की ‘खास तुमच्यासाठी’ अशी एक रांग समोर येते. आमच्या घरी एकाच खात्यावर तिघं वाचतात. लेकीची जादूगारांची पुस्तकं, नवऱ्याची क्लाउडच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं आणि मी कधीतरी घेतलेली पाककृतींची दोन पुस्तकं. त्यामुळे त्या ॲपच्या हिशेबी मी जादू शिकणारी, स्वयंपाकाची हौस असलेली आणि क्लाउडच्या परीक्षेला बसलेली कुणीतरी आहे.

हसून सोडून द्यावी अशी गोष्ट. पण ‘खास तुमच्यासाठी’ हे शब्द दिसले की माझ्यातली बाई जागी होते. बाई म्हणजे शाळेतली. अमेरिकेत येण्याआधी मी कोल्हापूरच्या एका शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होते. आता कुठलाही फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात ‘होममेकर’ लिहिते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर आणि लेक हे मी हौसेनं अंगावर घेतलेलं काम आहे. फक्त शाळेतलं एक काम सुटलं त्याची चुटपुट राहिली. व्याकरण शिकवणं किंवा पेपर तपासणं नव्हे. समोरच्या पोराकडे बघून कपाटातलं एक पुस्तक काढायचं आणि “हे तुझ्यासाठी” म्हणून त्याच्या हातात ठेवायचं, ते काम.

आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक लांबलचक रजिस्टर. आठवड्यातून एक तास वाचनाचा. कुणी काय नेलं, कधी परत केलं, सगळं त्या रजिस्टरात. मला ते चाळायला आवडायचं. एकदा लक्षात आलं की आठवीतली एक मुलगी महिनाभर पाककृतींचीच पुस्तकं नेतेय. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ तर दोनदा. रजिस्टर बघून कुणीही म्हटलं असतं, हिला स्वयंपाकाची आवड आहे, हिला अशीच आणखी पुस्तकं द्या. मी तिला विचारलं, “काय गं, केकबिक करतेस की काय घरी?” ती म्हणाली, “नाही बाई. आई दवाखान्यात आहे. मला भाकरी येतात, भाज्या येत नाहीत.”

तिला आणखी पाककृती नको होत्या. तिला घटकाभर तेरा वर्षांचं व्हायला मिळायला हवं होतं. मी तिला ना. धों. ताम्हनकरांचं ‘गोट्या’ दिलं. छोटी छोटी प्रकरणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक वाचून होतं. आठवड्यानं पुस्तक परत आणलं तेव्हा म्हणाली, “बाई, वाचता वाचता भात करपला.” मला त्या वर्षी मिळालेला तो सगळ्यात चांगला अभिप्राय होता.

रजिस्टर खोटं बोलत नव्हतं. तिनं काय नेलं ते त्यात खरंच लिहिलेलं होतं. का नेलं, ते मात्र रजिस्टरात लिहायला रकानाच नव्हता.

अल्गोरिदमचं मला समजलेलं मर्म एवढंच आहे. तो एक प्रचंड मोठं, कधीही न थकणारं रजिस्टर आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे आमच्याकडे या विषयावर जेवताना चर्चा होतात, त्यातून थोडं शिकले. देशी दुकानात पोहे घेणारा माणूस बहुधा शेंगदाणेही घेतो. दुकानदारानं हे शंभर वेळा पाहिलं की पोह्यांशेजारी शेंगदाणे मांडतो. घेणारा कोण आहे, त्याच्याकडे पाहुणे आलेत की आज उपास सोडायचाय, हे त्याला कळायची गरज नाही. पुस्तकांचं तसंच. हे पुस्तक घेणाऱ्यांनी ते पुस्तकही घेतलं, एवढ्या नोंदी कोट्यवधींच्या संख्येनं जमल्या की पुस्तकांच्या जोड्या आपोआप लागतात.

यातली एक गंमत मला फार आवडते. संगणकाकडून कादंबऱ्या सुचवून घेण्याचा अगदी सुरुवातीचा एक प्रयत्न १९७९ सालचा आहे. एलेन रिच नावाच्या संशोधिकेनं ‘ग्रंडी’ नावाची प्रणाली तयार केली होती, आणि ती चक्क ग्रंथपालाची नक्कल करायची. ती आधी वाचकाला विचारायची, तुझं वर्णन थोड्या शब्दांत कर. मग त्या वर्णनावरून हा कुठल्या धाटणीचा माणूस असेल याचा अंदाज बांधून पुस्तक सुचवायची. तो अंदाज ठोकळेबाज असायचा हे खरं, पण सुरुवात प्रश्नानं व्हायची. पुढे मोठी झाली ती वाट वेगळी. तिथे प्रश्न विचारणं मागे पडलं आणि माणूस काय करतो, काय विकत घेतो, कुठे क्लिक करतो, याची टिपणं घेणं पुढे आलं.

त्या दुसऱ्या वाटेचा मोठा टप्पा आपण राहतो त्याच परिसरात पार पडला. ॲमेझॉनची सुरुवात १९९४ साली बेलव्ह्यूमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये झाली, आणि सुरुवातीला ते फक्त पुस्तकांचं दुकान होतं. त्या दिवसांत तिथे पुस्तकं वाचून परीक्षणं लिहिणारे संपादक नोकरीला होते. त्यांच्यापैकी जेम्स मार्कस यांनी पुढे त्या काळावर ‘ॲमेझॉनिया’ नावाचं पुस्तकही लिहिलं. हळूहळू संपादकांची जागा आकडेमोडीनं घेतली. २००३ साली कंपनीच्या तिघांनी वस्तूंच्या जोड्या लावण्याची ती पद्धत एका शोधनिबंधात मांडली, आणि आज पुस्तकांपासून सिनेमापर्यंत सगळीकडे तिची भावंडं दिसतात. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत अशा रांगा रचणारी हुशार मुलं-मुली राहतात, त्यामुळे मी हे जपूनच लिहितेय!

नवऱ्यानं मला आणखी एक शब्द शिकवला, ‘कोल्ड स्टार्ट’. नवा वाचक आला की त्याच्याबद्दल एकही नोंद नसते, मग त्याला काय सुचवायचं? नवं पुस्तक आलं की ते कुणीच घेतलेलं नसतं, मग ते कुणाला सुचवायचं? हे ऐकून मला हसूच आलं. आपण सगळे याच अनुभवातून गेलोय. इथे उतरलो तेव्हा क्रेडिट हिस्ट्री शून्य, गाडी चालवल्याची नोंद शून्य, भाड्यानं घर मागायला गेलो तर आधीच्या घरमालकाचं पत्र नाही. माणूस तिशीचा, संसार केलेला, पण कागदावर कालच जन्मलेला.

मराठी पुस्तकांचं परदेशात कायमच असं होतं. त्यांच्यावर नोंदी जमतच नाहीत. आपण ती बॅगेतून आणतो, मैत्रिणीकडून मागून आणतो, सासूबाई येताना चिवड्याच्या पिशवीखाली दडवून आणतात. यातलं काहीही कुठल्या रजिस्टरात चढत नाही. ‘स्मृतिचित्रे’ दहा घरांत फिरून पानं सुटी झाली तरी आकड्यांच्या हिशेबात तिला इथे वाचकच नाही. मग ‘खास तुमच्यासाठी’च्या रांगेत ती यायची कशी? ज्यांचे वाचक मोजले जातात ती पुस्तकं पुढे येतात, पुढे आली म्हणून आणखी वाचली जातात. इंग्रजीत हे ठीक चालतं. आपल्या भाषेत या हिशेबावर विसंबून राहिलो तर आपल्या पोरांपुढे मराठी पुस्तक येणारच नाही, आणि आलं नाही हे कुणाला कळणारही नाही.

सिॲटलची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच शहराच्या सार्वजनिक वाचनालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. १९९८ साली त्यांनी सगळ्या शहरानं एकाच वेळी एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो अमेरिकेत गावोगावी गेला. पुस्तक सुचवण्याच्या कामाची त्यांना इतकी कीर्ती मिळाली की २००३ साली त्यांची खेळण्यातली बाहुलीसुद्धा निघाली. बटण दाबलं की ती ओठांवर बोट ठेवते. त्यांचा पन्नास पानांचा नियम मला फार पटतो. पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल बाजूला ठेवा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं वाचा. म्हणजे ऐंशीच्या आजींनी वीस पानांत निकाल द्यायला हरकत नाही.

त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, परिसर आणि भाषा. प्रत्येक वाचकाचं एखादं दार लाडकं असतं. मी हे आपल्या पुस्तकांना लावून बघितलं. ‘पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्याला फास्टर फेणे. माणसांत रमणाऱ्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’. त्याच माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ परिसराच्या दारातून येणाऱ्याला. भाषेच्या दारातून येणाऱ्याला पु. ल. “तुला कुठल्या विषयावरची पुस्तकं आवडतात?” असं विचारण्यापेक्षा “आधी वाचलेल्या एखाद्या पुस्तकातलं तुला काय आठवतं?” असं विचारलं की दार सापडतं. कुणी भांडण सांगतो, कुणी पाऊस सांगतो, कुणी एखाद्या पात्राचं बोलणं म्हणून दाखवतो.

सिॲटलच्या वाचनालयात ‘तुमची पुढची पाच पुस्तकं’ अशी एक सेवा आहे. आपण काय वाचलं, काय आवडलं, काय नाही हे लिहून कळवायचं. तिथला ग्रंथपाल ते वाचून पाच पुस्तकं सुचवतो. पैसे लागत नाहीत. मी लिहिलं होतं की मी एक भाषा शिकवत होते, ती आता माझ्या आजूबाजूला नाही, आणि मला रडकं काही नको. उत्तरात पाच नावं आली आणि प्रत्येकापुढे ‘हे का’ याची एक-दोन वाक्यं. त्यात झुंपा लाहिरींचं ‘इन अदर वर्ड्स’ होतं. इंग्रजीत नाव कमावलेल्या लेखिकेनं इटालियन शिकून त्या भाषेत लिहिलेलं पुस्तक. पुढे लिहिलं होतं की या पुस्तकाशी तुमचं भांडण होईल असं वाटतं, पण ते भांडायला तुम्हाला आवडेल. खरंच झालं! हातातली भाषा कुणी आपणहून बाजूला ठेवतं हे मला पटेना, आणि पुस्तक खाली ठेववेना. पाचांतलं एक मात्र मला मुळीच आवडलं नाही. तरी कारण लिहिलेलं असल्यामुळे माझं कुठलं वाक्य त्यांनी कसं घेतलं ते समजलं. चुकलेल्या शिफारशीतूनही बोलणं पुढे जातं, ते असं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन जोडीनं येतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिल्या नियमासाठी वाचक माहीत असावा लागतो, दुसऱ्यासाठी पुस्तक. सुचवणाऱ्यानं ते वाचलेलं असावं लागतं, ही अट इतकी साधी आहे की आपण ती बोलून दाखवत नाही. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाबरोबर उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं केलेली होती. लेखक खरे, प्रसिद्ध. पण पंधरांपैकी दहा पुस्तकं त्यांनी कधी लिहिलेलीच नव्हती. वाचनालयात जाऊन ती मागणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.

आता माणसांची बाजूही तपासायला हवी, नाहीतर हा लेख ‘आमच्या वेळी’ या वळणावर जायचा. माणसं पुस्तक सुचवताना सुचवत कमी आणि शिकवत जास्त असतात. लेकीच्या दर वाढदिवसाला आमच्याकडे ‘श्यामची आई’ येतं. आतापर्यंत चार प्रती झाल्या. देणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, पण देताना त्यानं मुलीकडे बघितलेलं नसतं, स्वतःच्या बालपणाकडे बघितलेलं असतं. कुणी आपण किती जड वाचतो हे दाखवायला सुचवतं. कुणी ‘बायकांसाठी हे बरं’ म्हणून सुचवतं. आणि दिलेलं वाचलं नाही तर राग! अल्गोरिदम रागावत नाही. रात्री दोन वाजताही हजर असतो, आणि मुलगी सतराव्यांदा तेच घुबडाचं पुस्तक मागते तेव्हा नाक मुरडत नाही. एखाद्याला आपल्या दुखण्याबद्दल किंवा घरातल्या ताणाबद्दल वाचायचं असतं, ते मंडळातल्या ओळखीच्या माणसाला विचारायची लाज वाटते. त्याला यंत्राचा आडोसा बरा वाटतो. माझ्या लेकीला इंग्रजीतल्या मालिकांमागून मालिका ॲपनंच शोधून दिल्या, तिचं इंग्रजी वाचन त्यानं वाढवलं. हे मी मोकळेपणानं मान्य करते.

पण त्याच लेकीच्या मराठी वाचनापुढे ते ॲप गप्प बसतं. आणि त्याचं कारण नोंदींच्या कमतरतेहून वेगळं आहे. इथल्या आपल्या मुलांची एक अडचण प्रत्येक आईला माहीत आहे. लेक नऊ वर्षांची आहे. तिची समज नऊ वर्षांची, प्रश्न नऊ वर्षांचे, पण मराठी वाचनाचा वेग सहा वर्षांचा. वयाप्रमाणे पुस्तक दिलं तर जोडाक्षरांत अडकते. वेगाप्रमाणे दिलं तर “आई, हे बाळांचं आहे” म्हणून मिटून टाकते. वयाचा रकाना भरून हे सुटत नाही. तिच्या शेजारी बसून, ती मोठ्यानं वाचत असताना कुठे अडखळते आणि कुठे हसते हे ऐकावं लागतं.

असं ऐकता ऐकता मला काही गोष्टी सापडल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं. शब्द थोडे, चित्रं सुरेख, आणि घरातली माणसं खरीखुरी. मुलांना ती ‘बाळांची’ वाटत नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यातली कोडी आणि विनोद एकेका पानाचे असतात, आणि आजीच्या लहानपणीचा अंक आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर वाचता येतो. सहावी-सातवीतल्या मुलांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचून दाखवावं. शाळेत इंग्रजीतून भेटलेला माणूस मराठीतून भेटतो, निम्मी माहिती त्यांना आधीच असते आणि “आई, मला हे माहितीये” म्हणत ती आपल्याला पुढचं सांगतात.

आता एका काकांबद्दल लिहिते. त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीनं, नाव न घेता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका मित्राचे वडील सांगलीजवळच्या गावाहून इथे आले. काकू गेल्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काका साखर कारखान्यात काट्यावर होते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर मोजण्यात हयात गेलेली. आपला इथला डिसेंबर तुम्हाला माहीत आहे. सव्वाचारला अंधार, बाहेर पाऊस, घरात सगळे कामावर. मुलानं बिचाऱ्यानं मनापासून त्यांना टॅब घेऊन दिला, मराठी पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं. काकांनी पहिल्याच दिवशी मृत्यूनंतर काय होतं अशा विषयावरचं काहीतरी ऐकलं. झालं! पुढचे तीन आठवडे ॲप त्यांना तेच वाढत राहिलं. मरण, वैराग्य, एकटेपण. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, कारण काका समोर येईल ते शेवटपर्यंत ऐकत होते. मित्र म्हणाला, “बाबा बोलेनासे झालेत. तू शिकवायचीस ना? काहीतरी वाचायला दे त्यांना.”

मी गेले, तर काका हात जोडून म्हणाले, “बाई, मला कुठलं वाचायला येतंय. पेपर सोडला तर काय वाचलं न्हाई आयुष्यात.” शिक्षिका म्हटल्यावर ते मला बाईच म्हणू लागले. इतक्या वर्षांनी कुणी त्या नावानं हाक मारली! मी विचारलं, “आणि काकू?” तेव्हा ते जरा सावरून बसले. “ती वाचायची. गावच्या वाचनालयातनं आणायची. मी कामावरनं आलो की जेवताना सगळी स्टोरी सांगायची. भाकरी वाढता वाढता.”

मग तासभर काका मला कादंबऱ्या सांगत होते. नावं एकाचंही आठवत नव्हतं. पण गोष्टी अशा सांगत होते की मी मनातल्या मनात पुस्तकं ओळखत गेले. एकात धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर होता. एकात एक विक्षिप्त कवी नवरा होता, न सांगता घरातून निघून जाणारा, आणि त्याची बायको त्याच्यावर चिडतही होती आणि हसतही होती. “ती गोष्ट सांगताना लई हसायची. म्हणायची, तुमच्यापेक्षा बरं हाय म्हणायचं माझं नशीब का वाईट, कळत न्हाई.”

ते ‘स्मृतिचित्रे’ होतं. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या, रेव्हरंड टिळकांच्या, मृत्यूनंतर लिहिलेल्या संसाराच्या आठवणी. १९१९ साली टिळक गेले, आणि १९३४ पासून भागाभागांनी हे पुस्तक आलं. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या बाईनं, बोलावं तसं लिहिलेलं. माझी प्रत, तीच सुटी पानं झालेली, मी दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दिली. एवढंच म्हटलं, “काका, काकू सांगायच्या ते पुस्तक हे. काकूंनी काही गाळलंय का बघा.”

काका दिवसाला सात-आठ पानं वाचायचे, बोट ठेवून. संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याला सांगायचे, “हे तुझ्या आईनं सांगितलं होतं. हे न्हाई सांगितलं.” फेब्रुवारीत मला म्हणाले, “बाई, एक जागा हाय, तिथं ती थांबायची. पुढचं सांगायचीच न्हाई. आता कळलं का ते.” कुठली जागा, ते मी विचारलं नाही.

त्या काकांच्या नावावर कुठल्याही रजिस्टरात एकही पुस्तक नव्हतं. गावच्या वाचनालयाच्या वहीत असलंच तर काकूंचं नाव असेल. त्यांचं सगळं वाचन कानावाटे, ताटावर, दुसऱ्याच्या आवाजात झालेलं. त्याची नोंद फक्त त्यांच्याजवळ होती, आणि ती बाहेर यायला कुणीतरी समोर बसून “आणि काकू?” असं विचारायला हवं होतं. ॲपनं त्यांच्या दुःखाची नोंद घेतली आणि तेच परत दिलं. मला त्यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. पण माणूस जे धरून बसलाय तेच त्याला देत राहणं आणि त्याला पुढे जाता येईल असं काही देणं, यातलं अंतर मला त्या हिवाळ्यात नीट दिसलं.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांच्या पेट्या भरायच्या आणि वाचकांच्या गटांत फिरवायच्या. त्या पेट्या दुबईसह परदेशातल्या मराठी गटांपर्यंत पोचल्या आहेत. आपल्याकडेही पुस्तकं कमी नाहीत. प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये किंवा गराजमध्ये एक खोका आहेच. त्यावर्षीच्या पाडव्यापासून आम्ही सात-आठ घरांनी एक साधी पद्धत ठेवली आहे. पुस्तक दुसऱ्याकडे देताना पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची. त्यावर चांदण्या द्यायच्या नाहीत, ‘छान आहे’ लिहायचं नाही. फक्त ‘हे कुणासाठी’ ते लिहायचं. ‘रात्री झोप न येणाऱ्यासाठी.’ ‘सासरी पहिल्यांदा जाणारीसाठी, आणि तिच्या सासूसाठीही.’ ‘जोडाक्षरांना घाबरणाऱ्या आणि डायनोसॉर आवडणाऱ्या मुलासाठी.’ चिठ्ठी लिहिताना आपोआप कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि पुस्तक त्या घराकडे निघतं.

सुचवायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते: आधी वाचलेलं काय आठवतं, सध्या दिवसातून किती वेळ मिळतो, आणि काय नको. मग एकाऐवजी दोन पुस्तकं पुढे ठेवते, म्हणजे एकाला नाही म्हणता येतं. आणि महिन्यानं “वाचलंस का?” न विचारता “कुठपर्यंत आलीस?” असं विचारते.

मराठीत पहिला दिवाळी अंक १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं काढला. तेव्हापासून दिवाळी अंक म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी बसून, वाचून, निवडून केलेली गोष्ट. हा अंकही मंडळातल्या चार-पाच जणांनी नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून तुमच्यासाठी निवडलाय. वाचून झाला की कॉफी टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकू नका. त्यातला एखादा लेख, एखादी कविता वाचताना ज्याची आठवण झाली, त्याच्याकडे त्या पानात खूण घालून पाठवा. फराळाच्या डब्याबरोबर दिलात तर डबा परत करायच्या निमित्तानं बोलणंही होईल.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि ‘श्यामची आई’ची जास्तीची प्रत कुणाला हवी असेल तर जरूर कळवा. आधी मात्र मी विचारीन, कुणासाठी?